बाळं तीन, हात दोन!

एका बाळाची शॉपिंग म्हणजे मज्जा. तिघांची म्हणजे थेट प्रोजेक्ट मॅनेजमेंट! बारामती आणि इंदापूरच्या मधल्या पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात एका नवख्या मावशीने केलेल्या (आणि न केलेल्या) खरेदीची ही गोष्ट.

"अगं, तीन आहेत!"

ताईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका एडिटरच्या केबिनबाहेर बोलणी खायची वाट बघत बसले होते. "तीन काय?" मी वैतागून विचारलं. "बाळं गं! सोनोग्राफीत तीन ठोके दिसले."

पुढची पाच मिनिटं आम्ही दोघी नुसत्या हसत होतो. मग जरा रडलो. आणि मग माझ्या पिढीतली कुठलीही मुलगी करेल तेच मी केलं. लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट बनवली. तीन पाळणे, तिघांची एक बाबागाडी, तीन वॉकर, अठरा दुधाच्या बाटल्या, स्टरिलायझर, बाटली गरम करायचं मशीन... यादी खाली खाली जातच होती. दाजींनी ती मोबाइलवर पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "एवढ्यात जुना ट्रॅक्टर येतोय की!"

दाजींची ऊस आणि डाळिंबाची शेती निमगाव केतकीच्या पुढे, इंदापूरच्या अलीकडे. ताई बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीचे अकाउंट्स बघते. आमचं माहेर बारामतीचं. म्हणजे बाळंतपण बारामतीत आणि नंतरचा संसार इंदापूर तालुक्यात, असा प्लॅन ठरला. यादी मात्र माझीच फायनल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आठ हजारांत एक

तिळी किती दुर्मीळ? हेलिन नावाच्या डॉक्टरने १८९५ मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला होता. नव्वदेक बाळंतपणांत एकदा जुळी होत असतील, तर तिळी नव्वद गुणिले नव्वद, म्हणजे आठेक हजारांत एकदा. हा हिशेब आपोआप राहणाऱ्या गर्भाचा. मूल होण्यासाठीचे उपचार आले आणि हे आकडे बदलले. पण एक गोष्ट बदलली नाही. तिळी सहसा पूर्ण दिवस भरेपर्यंत थांबत नाहीत. चाळीस आठवड्यांच्या जागी बत्तीस-तेहतीस आठवड्यांतच बाहेर यायची घाई करतात.

आमच्यांनीही तेच केलं. जानेवारीच्या शेवटी, तेहतिसाव्या आठवड्यात, सिझेरियन. दोन मुली आणि एक मुलगा. थोरली एक किलो आठशे, मधली एक किलो सातशे. शेवटचा... एक किलो साडेतीनशे. आईने त्याला काचेतून पाहिलं आणि इतकंच म्हणाली, "डाळीच्या पुड्याएवढा आहे गं."

"बाटल्या? परत करा!"

मी पुण्याहून दोन मोठ्या पिशव्या घेऊन पोचले. लक्ष्मी रोड, तुळशीबाग सगळं पालथं घातलं होतं. नवजात अतिदक्षता विभागातल्या सिस्टरने एका पिशवीत डोकावलं आणि म्हणाली, "बाटल्या? ह्या परत करा मॅडम."

मला जाम राग आला. पण मग तिने जे सांगितलं ते माझ्या एक्सेल शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं. चोखायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा, ही तीन कामं एका तालात करायला बाळाला साधारण चौतीस आठवडे लागतात. त्याआधी नाका-तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. मग वाटी-चमचा. मग अंगावर. बाटलीची बूच-रबरं नीट धुतली-उकळली गेली नाहीत तर जंतूंचं घरच. आणि वाटी-चमचा? घासा, उकळा, संपलं!

दुसऱ्या दिवशी इंदापूरहून ताईच्या सासूबाई, आमच्या आक्का, आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी काय काढलं असेल? चांदीचं बोंडलं! पन्हळीसारखी चोच असलेली इवलीशी वाटी. "ह्यानंच तुज्या दाजीला वाढवलाय," आक्का म्हणाल्या. मला वाटलं, आता डॉक्टर ओरडणार. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. कडा गुळगुळीत आहे, सांध्यात मळ साठत नाही, उकळता येतं. "चालेल की!" दक्षिणेत याच घाटाची 'पालाडाई' असते आणि नवजात बाळांच्या वॉर्डांत ती वापरतातही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. माझ्या अठरा बाटल्या विरुद्ध आक्कांचं एक बोंडलं. स्कोअर तुम्हीच सांगा.

एका डब्याची गोष्ट

आता जरा सीरियस. हे लिहावं की नाही, असा मी खूप विचार केला. ताई म्हणाली, लिही.

दर तीन तासांनी ताई दूध काढायची. पहिले दोन दिवस दहा मिलीही निघत नव्हतं. तिघांना नवजात बाळासारखं दिवसातून आठ ते बारा वेळा पाजायचं म्हणजे चोवीस ते छत्तीस फीड! टाके ओले, झोप नाही, आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई तोच प्रश्न विचारणार, "दूध पुरतंय का गं तिघांना?"

मला ते बघवेना. मी गुपचूप मेडिकलमधून पावडरच्या दुधाचा डबा आणला आणि तिच्या उशाशी ठेवला. वाटलं, थँक्यू म्हणेल. तिने डब्याकडे पाहिलं, तो भिंतीकडे तोंड करून फिरवला आणि कूस बदलून पडली. रात्री म्हणाली, "सगळ्यांनी ठरवलंच आहे ना, की मला जमणार नाही?"

मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सकाळी डॉक्टरांनी तिच्याशी अर्धा तास बोलून हिशेब मांडला. आईचं दूध निघेल तेवढं आधी सगळ्यात धाकट्याला, कारण त्याला त्याची सर्वांत जास्त गरज. उरेल ते मुलींना. कमी पडेल तेवढंच, मोजून, पावडरचं. आणि जसजसं ताईचं दूध वाढेल तसतसं पावडरचं कमी करायचं. ताईचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाला. मला म्हणाली, "डबा माझ्या बदली नाही, जोडीला आहे, एवढंच कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

डबा आणायचा की नाही हे ना मावशीने ठरवायचं, ना दुकानदाराने. आपल्याकडे त्यासाठी चक्क कायदा आहे. १९९२ चा कायदा, २००३ मध्ये आणखी कडक झाला. बाळाच्या पावडरच्या दुधाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. फुकट नमुने नाहीत, 'डब्यावर बाटली फ्री' नाही. डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटोसुद्धा छापता येत नाही. तेव्हा कुणी तुम्हाला अशी ऑफर देत असेल, तर ती ऑफर नाही, नियमभंग आहे.

आणि ज्यांना आईचं दूध मिळूच शकत नाही अशा बाळांसाठी दूधपेढ्या आहेत. आशियातली पहिली दूधपेढी आपल्याच मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

मग खरेदी केलं तरी काय?

एक्सेल शीटची नवी व्हर्जन बनली. या वेळी सिस्टर, डॉक्टर, आई आणि आक्का, सगळ्यांच्या सह्यांनिशी!

पहिला नंबर इलेक्ट्रिक पंपाचा. दोन्हीकडचं एकदम निघेल असा डबल. तिळ्यांच्या आईचा वेळ वाचवणारी याहून मोठी वस्तू नाही. ताईला हाताने दूध काढायलाही शिकवलं, कारण वीज काय, कधीही जाते.

दुसरं, झाकणाच्या छोट्या स्टीलच्या वाट्या, चमचे, आणि उकळायला एक मोठं पातेलं. घरातलंच, पण फक्त याच कामाला. स्टरिलायझर कॅन्सल. सोबत एक आइसबॉक्स. आमच्या घरून हॉस्पिटलपर्यंत ताईचं दूध त्यातूनच जायचं. प्रत्येक वाटीवर तारीख आणि वेळ. बाबा रिटायर झाल्यापासून इतके बिझी कधीच नव्हते.

तिसरं, डिजिटल थर्मामीटर. कमी वजनाची बाळं पटकन गार पडतात. त्यावर सगळ्यात भारी उपाय मात्र फुकट आहे. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं. 'कांगारू केअर' म्हणतात त्याला. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात ही पद्धत सुरू झाली, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मल्यापासूनच ती सुरू करा. बाळं तीन, आई एक. मग दाजींनी शर्टाची बटणं उघडली. एरवी दिवसभर ट्रॅक्टरवर असलेला माणूस तासन् तास हलला नाही. छातीवर एक किलो साडेतीनशेचा ऐवज होता ना!

चौथं, कपडे. झबली-टोपडी-दुपटी ढिगाने, पण मऊ आणि जुन्या सुती साड्यांची. लंगोटांचं गणित ऐका. एका बाळाला दिवसाला आठ-दहा, म्हणजे तिघांना तीसेक. दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, असा सुवर्णमध्य निघाला. सप्टेंबर २०२५ पासून डायपर आणि दुधाच्या बाटल्यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय. तिघांच्या बापाला हा फरक जाणवतो!

पाचवं, एक शंभर पानी वही आणि तीन रंगांची टोपडी. लाल थोरलीचं, हिरवं मधलीचं, निळं धाकट्याचं. कुणाला, किती वाजता, किती मिली, शी-शू झाली का, सगळं वहीत. रात्री तीन वाजता "हिला पाजलं का तिला?" हा प्रश्न पडला की वही हाच देव.

चौकट : मावशीचा सल्ला

*लगेच घ्या :* पंप, झाकणाच्या वाट्या, थर्मामीटर, सुती कपडे, वही.

*थांबा :* बाटल्या. लागल्याच तर डॉक्टरांना विचारून, आयएसआय मार्क बघून, रुंद तोंडाच्या. बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात ठेवायची नाही, हात तीन नसले तरी! पाळणेही थांबवा. सुरुवातीला सपाट, घट्ट गादी आणि पाठीवर झोप. झोळीत इवल्या बाळाची मान वाकते.

*नकोच :* वॉकर. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. मध आणि गुटीही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर आजार होऊ शकतो.

*पावडरचं दूध लागलंच तर :* उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे सत्तर अंशांच्या वर असताना वापरा. डब्यातलाच चमचा, सपाट. मग कोमट करून पाजा. दोन तासांत संपलं नाही तर फेका. डबा पुरवायला पातळ करणं म्हणजे बाळाला उपाशी ठेवणं.

लासुर्णे मार्गे इंदापूर

मार्चच्या मध्यावर धाकटा दोन किलोच्या पुढे गेला आणि डिस्चार्ज मिळाला. आता बारामतीहून सासरी जायचं. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी. तुकोबांची पालखी जाते तोच रस्ता. माझ्या यादीत तीन कार सीट होत्या. दाजींच्या गाडीत मागे टेप लावून मोजलं, तर तीन सीट शेजारी शेजारी बसतच नाहीत! शेवटी दोन गाड्या निघाल्या. एकीत दोन सीट, दुसरीत एक. ऊन चढायच्या आत, पहाटे.

ट्रॅक्टरएवढे पैसे वाचले ते गेले कुठे? दाजींनी घरी चांगला इन्व्हर्टर बसवला. फ्रीजमधलं दूध, पंखा आणि पंप, तिन्ही त्याच्यावर. बाबागाडी घेतलीच नाही. वस्तीवरच्या ढेकळांतून ती चालणार कुठे? आणि रात्रपाळीला गावातल्या एका मावशींना पगारी ठेवलं. माझ्या मते ही सगळ्यात बेस्ट खरेदी. वस्तूंची यादी करताना आपण हातांची यादी करायला विसरतो.

ऑफिसवाल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पगारी बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे आहे. बाळ एक असो की तीन, आठवडे तेवढेच! पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीनं करायची. ताईने एचआरला मेल टाकलाय. सब्जेक्ट लाइन : 'पाळणाघर, जागा तीन'.

बारसं बाराव्या दिवशी झालंच नाही. तिघं एकत्र घरी आल्याशिवाय करायचं नाही, असं ताईने ठामपणे सांगितलं होतं. ते झालं मार्चअखेर. आत्याबाईंना एका दमात तीन नावं सांगायची होती. त्यांनी चिठ्ठीच लिहून आणली. पाळणा एकच, दाजींचा जुना, लाकडी. तिघं आळीपाळीने त्यात गेली. धाकट्याची पाळी सगळ्यात शेवटी.

खोलीतून बाहेर येताना मला फडताळावर तो डबा दिसला. अर्धा रिकामा, तोंड आता भिंतीकडे नव्हतं. शेजारी पंप, त्याच्या शेजारी आक्कांचं बोंडलं. आणि माझ्या त्या अठरा बाटल्या? दुकानदाराने सोळा परत घेतल्या. उरलेल्या दोनांत आक्का जिरं-मोहरी ठेवतात.