अंडवृद्धि : लपवूं नये असा विकार

घरांत कोणाला पडसें झालें, दाढ सुजली किंवा पोटांत कळ आली, तर ती वार्ता माजघरापासून ओसरीपर्यंत क्षणांत पोंचते. कोणी काढा सुचवितें, कोणी लेप करून देतें, आणि दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे जाणें होतें. परंतु पुरुषाच्या अंडकोशाला सूज आली, तर ती मात्र वर्षानुवर्षें वस्त्राआड दडून राहते. पत्नीला ठाऊक असतें, पण ती बोलत नाहीं. मुलांच्या लक्षांत येतें, पण तीं विचारीत नाहींत. आणि ज्याचें दुखणें, तो तर तें स्वतःपासूनहि लपवूं पाहतो. अंडवृद्धि हा या मौनांत वाढणारा विकार आहे. वस्तुतः तो बहुधा निरुपद्रवी असतो, आणि त्यावरील उपाय खात्रीचा आहे. भय आहे तें न दाखविण्यांत आहे. कारण अंडकोशाची प्रत्येक सूज केवळ पाण्याची नसते, आणि ती कोणत्या जातीची आहे हें दाखविल्यावांचून कळत नाहीं.

हें पाणी येतें कोठून, तें प्रथम पाहिलें पाहिजे. गर्भावस्थेंत मुलाचे दोन्ही वृषण पोटांत, मूत्रपिंडांच्या जवळपास तयार होतात. जन्मापूर्वींच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ते जांघेंतील वाटेनें खालीं अंडकोशांत उतरतात. उतरतांना पोटाच्या आंतील पातळ अस्तराची एक पिशवी त्यांच्याबरोबर खालीं येते. वृषण जागेवर पोंचले म्हणजे या पिशवीची वरची नळी मिटून जाते, आणि खालचा भाग वृषणाभोंवतीं दुपदरी वेष्टणाच्या रूपानें राहतो. या दोन पदरांमध्यें थोडासा द्रव नेहमींच असतो. त्यामुळें वृषण आपल्या जागीं घर्षणावांचून हलतो. हा द्रव सतत पाझरतो आणि सतत शोषला जातो. विहिरीचा झरा आणि उपसा सारखा चालला म्हणजे पाण्याची पातळी बदलत नाहीं, तसेंच हें आहे. झरा वाढला किंवा उपसा खुंटला, म्हणजे पदरांमध्यें पाणी सांठतें. हीच अंडवृद्धि. हें पाणी गवताच्या काडीसारखें फिकट पिवळें असतें. जुन्या वैद्यकांत यास मूत्रवृद्धि असें नांव असलें, तरी त्याचा मूत्राशीं कांहीं संबंध नाहीं. आणि पिण्याच्या पाण्याशीं तर मुळींच नाहीं.

तान्ह्या मुलांत या विकाराचें कारण निराळें असतें. वर सांगितलेली नळी जन्मापर्यंत पुरती मिटलेली नसते, आणि तिच्यावाटे पोटांतील द्रव खालीं झिरपतो. म्हणूनच अशा मुलाची सूज दिवसभर खेळल्या-रडल्यावर संध्याकाळीं मोठी दिसते, आणि रात्रभर आडवें राहिल्यानंतर सकाळीं ओसरलेली असते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हा प्रकार अधिक आढळतो. सूज दाबून पाणी वर लोटण्याचें, शेकण्याचें किंवा लेप लावण्याचें कांहींच कारण नाहीं. बहुतेक मुलांत ही नळी पहिल्या वर्षांत आपोआप मिटते व पाणी शोषलें जातें. म्हणून शस्त्रवैद्य मूल दीड-दोन वर्षांचें होईपर्यंत सहसा वाट पाहतात. त्यानंतरहि सूज राहिली, तर जांघेंत लहानसा छेद घेऊन ती नळी बांधतात. मुलांच्या बाबतींत काम खालच्या पिशवीचें नसून वरच्या वाटेचें असतें. वाट बंद झाली कीं पाणी येण्याचें थांबतें, आणि मूल बहुधा त्याच दिवशीं घरीं येतें.

वाट पाहण्याचा हा सल्ला मात्र मूल एकदां तपासून झाल्यानंतरचा आहे, तपासणीच्या ऐवजीं नव्हे. नळी रुंद राहिली असेल, तर तिच्यांतून पाण्याऐवजीं आंतडेंच खालीं उतरतें. हा अंतर्गळ होय. तो आपोआप बरा होत नाहीं, आणि तान्ह्या मुलांत त्यावर शस्त्रक्रिया लवकर करणें श्रेयस्कर असतें. उतरलेलें आंतडें अडकून बसलें, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. सूज एकाएकीं टणक झाली, मूल राहत नाहीं असें रडूं लागलें आणि ओकूं लागलें, तर सकाळची वाट न पाहतां त्याच घटकेस त्याला रुग्णालयांत नेलें पाहिजे.

वाढत्या वयाच्या मुलांत दुसरें एक संकट संभवतें. वृषण ज्या दोरासारख्या भागानें टांगलेला असतो, त्याला पीळ पडतो व रक्त जाणें बंद होतें. वेदना अकस्मात् व तीव्र होतात, आणि बहुधा मळमळ सुटते. सुमारें सहा तासांच्या आंत पीळ सोडविला, तर वृषण प्रायः वांचतो. पुढें जसजसा उशीर होईल, तसतशी आशा कमी होते. अशा वेळीं बारा-चौदा वर्षांचा मुलगा लाजेनें 'पोट दुखतें' एवढेंच सांगतो. आई ओवा देते, आणि मोलाचे तास निघून जातात. शरीराच्या या भागाचें नांव न संकोचतां घेतां यावें, एवढी शिकवण बापानें मुलाला आधींच दिलेली असली, तर तो अवयव वांचूं शकतो.

प्रौढ पुरुषांतील अंडवृद्धि बहुधा चाळिशीनंतर दिसते. ती हळूहळू वाढते, दुखत नाहीं, आणि जडपणाखेरीज दुसरा त्रास पुष्कळ दिवस देत नाहीं. कित्येकांत तिचें कारण सांपडत नाहीं; कित्येकांत मार, जंतुदोष, क्षय किंवा हत्तीरोग हें कारण असतें; आणि क्वचित् वृषणांतील गांठ तिच्या मुळाशीं असते. डॉक्टर प्रथम सुजेच्या वरच्या कडेला बोटें लावून पाहतात. बोटें सुजेच्या वर जाऊन मिळालीं, तर सूज अंडकोशापुरतीच आहे. न मिळालीं, तर ती जांघेंतून आलेली आहे, म्हणजे अंतर्गळ असावा. मग खोलींत अंधार करून सुजेच्या मागें विजेरी धरतात. आंत स्वच्छ पाणी असलें, तर सूज कंदिलाच्या कांचेसारखी तांबूस उजळते. ही युक्ति सोपी आहे, पण ती घरीं करून निश्चिंत होण्याजोगी नाहीं. तान्ह्या मुलाच्या आंतड्यांतूनहि प्रकाश आरपार जातो, आणि जुन्या अंडवृद्धीचीं वेष्टणें जाड झालीं म्हणजे पाणी असूनहि तो जात नाहीं. यासाठीं आतां सोनोग्राफी करतात. तरुण पुरुषांत तिचें महत्त्व विशेष आहे. वृषणाचा कर्करोग बहुधा तरुण वयांत होतो, गांठ सहसा दुखत नाहीं, आणि कधीं कधीं भोंवतालच्या पाण्यानें ती झांकली जाते. लवकर सांपडल्यास हा कर्करोग बहुधा पूर्ण बरा होतो. परंतु 'पाणीच आहे' या समजुतीनें दिवस दवडले, तर ती संधि जाते.

उष्ण देशांत अंडवृद्धीचें एक मोठें कारण हत्तीरोग हें आहे. त्याचा शोध अंडवृद्धीच्या पाण्यापासूनच सुरू झाला. १८६३ सालीं पॅरिस येथें देमार्के या शस्त्रवैद्यानें क्यूबाहून आलेल्या एका रोग्याच्या अंडवृद्धीचें पाणी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों त्यांत केसाहून बारीक कृमि वळवळतांना दिसले. १८७२ त कलकत्त्यास टिमथी लुईस यांना तेच कृमि माणसाच्या रक्तांत सांपडले. १८७६ त ऑस्ट्रेलियांत जोसेफ बँक्रॉफ्ट यांना त्यांचा पूर्ण वाढलेला कृमि मिळाला. आणि १८७७ च्या सुमारास चीनमध्यें पॅट्रिक मॅन्सन यांनीं डांसाच्या पोटांत त्यांची वाढ होते हें दाखविलें. हे कृमि शरीरांतील लसिकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोंवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, वर्षानुवर्षें राहतात. पुरुषांत वृषणाकडील वाहिन्या त्यांना विशेष मानवतात. तेथला निचरा बिघडतो, आणि पाणी सांठूं लागतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें २ कोटि ५० लक्ष पुरुषांना या रोगामुळें अंडवृद्धि झालेली आहे.

महाराष्ट्रांत या रोगाचें ठाणें मुख्यतः विदर्भांत आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या जिल्ह्यांना त्याची ओळख जुनी आहे. तो पसरविणारा क्यूलेक्स डांस गटारांत आणि मैल्याच्या टांक्यांत, म्हणजे घाण पाण्यांत, वाढतो व रात्रीं चावतो. भारतांत १९५५ पासून या रोगाविरुद्ध सरकारी मोहीम चालू आहे. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्व लोकांना वर्षांतून एकदां औषध देण्याचा उपक्रम निघाला, आणि २०१९ सालीं नागपूर जिल्ह्यांत तीन औषधें एकत्र देण्यास आरंभ झाला. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुलें व फार आजारी माणसें यांना तीं देत नाहींत. सुशिक्षित घरांत या गोळ्या घेऊन त्या फडताळांत ठेवून देण्याची संवय आढळते. 'आम्हांला कोठें रोग आहे ?' असें म्हटलें जातें. परंतु कृमि रक्तांत असूनहि माणूस पुष्कळ वर्षें निरोगी दिसतो, आणि डांस त्याच्याकडून कृमि घेऊन दुसऱ्याला देतो. हीं औषधें रक्तांतील सूक्ष्म कृमि मारून रोगाचा प्रसार थांबवितात. मात्र एकदां मोठी झालेली अंडवृद्धि त्यांनीं उतरेल असा भरंवसा धरतां येत नाहीं. तिला शस्त्रक्रियाच लागते.

साधी सुई घालून पाणी काढण्याचा उपाय अतिप्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंत वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांत मूत्रवृद्धि आणि आंत्रवृद्धि हीं निरनिराळीं गणलीं आहेत. मूत्रवृद्धींत अंडकोशाच्या मधल्या शिवणीच्या बाजूस, खालच्या अंगाला, व्रीहिमुख नांवाच्या शस्त्रानें वेध करून नळीनें पाणी काढावें व मग बंध बांधावा, असें तेथें सांगितलें आहे. वेध करणारानें शिवण टाळावी, हा इशारा शरीररचनेच्या ज्ञानाचा द्योतक आहे. परंतु या उपायाची मर्यादा अशी कीं पिशवी तशीच राहते, आणि कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत पाणी पुनः भरतें. शिवाय प्रत्येक वेधाबरोबर जंतु आंत जाण्याचा धोका असतो.

उशिराचा आणि या धोक्याचा एक प्रसिद्ध दाखला इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबन याचा आहे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणाऱ्या या विद्वानानें १७६१ सालीं आपली सूज एका शस्त्रवैद्यास दाखविली होती. त्यानंतर सुमारें बत्तीस वर्षें त्यानें तिच्याविषयीं जिवलग मित्राजवळहि अवाक्षर काढलें नाहीं. १७९३ च्या नोव्हेंबरांत अखेर उपाय करावा लागला, तेव्हां पहिल्या खेपेस चार क्वार्ट, म्हणजे सुमारें चार लिटर, पाणी निघालें. दुसऱ्या खेपेस तीन क्वार्ट निघालें, आणि जानेवारींत तिसऱ्या खेपेस सहा. त्यानंतर तीन दिवसांनीं, १६ जानेवारी १७९४ रोजीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं तो मरण पावला. हजार वर्षांच्या घडामोडींची कारणें शोधणाऱ्या बुद्धीला स्वतःच्या अंगावरील सुजेचा विचार करणें मात्र साधलें नाहीं.

आज अशी पाळी कोणावर येण्याचें कारण नाहीं. लहान व त्रास न देणारी अंडवृद्धि तपासून घेतल्यावर तशीच राहूं दिली तरी चालते. मोठी असेल, तर शस्त्रक्रियेंत पाणी काढून पिशवीचीच व्यवस्था लावतात. फ्रेंच शस्त्रवैद्य झाबुले यांच्या पद्धतींत पिशवी उलटून मागच्या बाजूस शिवतात. पीटर लॉर्ड यांनीं १९६४ त प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत ती टांक्यांनीं चुणून घेतात. हत्तीरोगांत जाड झालेली पिशवी बहुधा कापून काढतात. कमरेखालचा भाग बधिर करून किंवा भूल देऊन हें काम होतें. पुढें कांहीं आठवडे थोडी सूज राहते, लंगोटाचा आधार द्यावा लागतो, आणि जड ओझें उचलावयाचें नसतें. रक्त सांठणें, जखम चिघळणें किंवा क्वचित् पाणी पुनः होणें हे संभव आहेत. ताप आला किंवा सूज एकदम वाढली, तर रोग्यानें लगेच डॉक्टरांना दाखवावें.

समजुतींविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कान टोंचल्यानें अंडवृद्धि टळते, असें पुष्कळांना वाटतें. कानाजवळची शीर वेधण्याचा उपाय सुश्रुतानें आंत्रवृद्धीसाठीं सांगितला आहे, त्याचाच हा अवशेष असावा. परंतु पाण्याच्या सुजेशीं कानाचा कांहीं संबंध नाहीं. अंडवृद्धीनें पौरुष जातें, ही भीतीहि सामान्यतः निराधार आहे. फार मोठ्या सुजेनें जी अडचण होते, ती आकाराची व ओझ्याची. हा विकार दुर्वर्तनाचें फळ आहे, ही समजूत तर निव्वळ अन्यायाची आहे. पाळण्यांतल्या मुलालाहि तो होतो.

तात्पर्य, घरांतील वडील माणसांनीं तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्यात. तान्ह्या मुलाची सूज एकदां दाखवून मग धीर धरावा. मोठ्या मुलाची किंवा पुरुषाची एकाएकीं उठलेली वेदना घटकाभरहि अंगावर काढूं नये. आणि न दुखणारी, हळूहळू वाढणारी सूज प्रौढानें त्याच महिन्यांत डॉक्टरांना दाखवावी. तपासणीला फार वेळ लागत नाहीं, आणि ती झाल्यावर बहुतेकांना घरीं परततांना 'साधें पाणी आहे' एवढेंच ऐकावयास मिळतें.