जुन्या गाडीचा अलार्म उगाच का वाजतो? कारण शोधण्याची सोपी पद्धत



दहा-बारा वर्षं जुनी गाडी रात्री अडीच वाजता कुणी हात न लावता बोंबलायला लागते. आपण खिडकीतून रिमोट दाबतो, ती गप्प होते आणि पहाटे पुन्हा सुरू! शेजारी आधी चौकशी करतात, मग चिडतात आणि शेवटी लक्ष द्यायचंच सोडून देतात. खरं नुकसान इथेच आहे. ज्या अलार्मकडे कुणी बघत नाही, तो असून नसल्यासारखाच. मग कंटाळून आपण फ्यूज काढून टाकतो, नाहीतर कुणी सांगेल तो भाग बदलत बसतो. पैसे जातात, आवाज मात्र राहतो.

कंपनीतूनच बसवून आलेल्या अलार्मचा दोष कसा शोधायचा, ते आज टप्प्याटप्प्याने पाहूया. वही, पेन आणि जमल्यास एक साधा मल्टिमीटर एवढं साहित्य पुरे.

अलार्म काम कसा करतो?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीतला मुलगा मुद्दाम खोटं बोलत होता. गाडीचा अलार्म सहसा खोटं बोलत नाही. त्याला जी खबर मिळते, ती तो ओरडून सांगतो. बहुतेक वेळा खबर देणाराच चुकलेला असतो.

या यंत्रणेचे तीन भाग करा:

१. खबर देणारे: दारं, डिकी आणि बॉनेट यांचे स्विच. काही गाड्यांत आतली हालचाल ओळखणारा सेन्सरही असतो.
२. ठरवणारा: कंट्रोल युनिट, म्हणजे एक छोटा इलेक्ट्रॉनिक डबा.
३. ओरडणारा: सायरन किंवा गाडीचा हॉर्न.

या तिघांना वीज पुरवते ती १२ व्होल्टची बॅटरी. इमोबिलायझर ही गोष्ट वेगळी आहे बरं का! योग्य चावी नसेल तर तो इंजिन सुरू होऊ देत नाही, पण आवाज करत नाही.

टप्पा १ : आधी नोंद, मग दुरुस्ती

चार-पाच दिवस वहीत लिहा: अलार्म किती वाजता वाजला, पाऊस होता का, थंडी होती का, गाडी किती दिवस उभी होती, काच उघडी होती का. फक्त पावसात वाजत असेल तर एखाद्या स्विचमध्ये पाणी जात असेल. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर पहाटे वाजत असेल तर पहिला संशय बॅटरीवर. गाडीची माहितीपुस्तिकाही चाळा. काही गाड्यांत अलार्म कशामुळे वाजला हे डॅशबोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून सांगतो.

टप्पा २ : बॅटरी

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. साधारण १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी उतरलेली आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तो वाढलाच नाही तर बॅटरी नीट चार्ज होत नाहीये. अशा वेळी नवी बॅटरी टाकूनही चार दिवसांनी तेच होईल.

व्होल्टेज फार खाली गेलं की कंट्रोल युनिट गोंधळतं, आणि कुणीतरी वायर काढली असं समजून अलार्म वाजू शकतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली असेल किंवा पकड सैल असेल, तरी परिणाम तोच. म्हणून बॅटरी बदलण्याआधी टोकं साफ करून घट्ट बसवा.

टप्पा ३ : बॉनेटचा स्विच

जुन्या गाड्यांत वारंवार दोषी ठरणारा हाच. धूळ, चिखल, पाणी, इंजिनची उष्णता, सगळं याच्याच वाट्याला येतं. स्विच गंजला की बंद बॉनेट त्याला उघडं वाटतं. स्विच शोधा, पुसा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मग त्याची जोडणी काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि स्विच दाबा-सोडा. प्रत्येक वेळी स्थिती बदलली पाहिजे: एकदा आवाज, एकदा शांतता. कितीही दाबलं तरी काहीच बदलत नसेल तर स्विच गेला. स्विच ठीक असेल तर बॉनेट पूर्ण बसतंय का आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा.

टप्पा ४ : दारं आणि डिकी

इथे मीटरही नको. आतला दिवा ‘डोअर’वर ठेवा. सगळी दारं बंद करा आणि एकेक दार उघडून पुन्हा लावा. दिवा प्रत्येक दाराला लागला आणि विझला पाहिजे. आता बंद दार हलकेच हलवून बघा. दिवा किंवा ‘दार उघडं’ची खूण क्षणभर जरी चमकली, तरी दोषी सापडलाच म्हणा! काही गाड्यांत हा दिवा सगळ्या दारांना जोडलेला नसतो, तेव्हा डॅशबोर्डवरची खूण पाहा. डिकीही अशीच तपासा.

टप्पा ५ : आतला सेन्सर आणि रिमोट

हालचाल ओळखणारा सेन्सर असेल तर काच थोडी उघडी राहिल्याने, आरशाला लटकवलेल्या शोभेच्या वस्तूमुळे किंवा आत अडकलेल्या किड्यामुळेही अलार्म वाजू शकतो. पुष्कळ गाड्यांत हा सेन्सर तात्पुरता बंद करता येतो. दोन रात्री बंद ठेवा. अलार्म वाजला नाही तर उत्तर मिळालं.

रिमोटचा सेल कमजोर झाला म्हणून सहसा मध्यरात्री अलार्म वाजत नाही. पण आपण चावीने दार उघडतो, अलार्मला ‘मालक आला’ हे कळत नाही आणि तो वाजतो. अशा वेळी नवा सेल टाकून बघणं सगळ्यात स्वस्त.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : एका वेळी एकच बदल

समजा, तुम्ही एकाच दिवशी बॅटरी बदलली, स्विच साफ केला आणि सेन्सरही बंद केला. अलार्म थांबला. पण थांबला कशामुळे? कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून एक बदल करा, दोन रात्री वाट बघा, वहीत लिहा, मगच पुढचा. उशीर लागतो, पण नको तो भाग विकत घ्यावा लागत नाही. एवढं करूनही अलार्म वाजतच असेल तर ही वही घेऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. सायरन आणि कंट्रोल युनिट तपासणं त्याचं काम. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते आणि ती जुनी झाली की सायरनच बिघडतो.

काळजी घ्या

बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असतं, म्हणून मुलांना दूर ठेवा आणि हातातली अंगठी-कडं काढा. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढा, जोडताना ते शेवटी लावा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका.

शाळेशी याचा काय संबंध?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं वाजणारी गाडी म्हणजे एका तासिकेचा तिसरा हिस्सा गेला, आणि पहिलीच्या वर्गाला परत जागेवर आणायला लागतो तो वेळ वेगळाच!

शिवाय यात पाचवी-सहावीच्या मुलांसाठी एक छान कृती दडलेली आहे. टॉर्च, दोन सेल आणि एक बल्ब घ्या. मुलांना न दाखवता त्यातला एक सेल उलटा घाला किंवा संपलेला ठेवा. मग विचारा, “दिवा का लागत नाही?” मुलं लगेच अंदाज ठोकतील. त्यांना म्हणा, “आधी संशयितांची यादी लिहा. मग एकेक तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.” कोणत्या गटाने आधी शोधलं यापेक्षा कोणत्या गटाला आपलं उत्तर कशावरून आलं हे सांगता येतं, ते बघा. ज्या मुलाला ते सांगता आलं, तो उद्या बंद पडलेला पंखा असो की चुकलेलं गणित, दोष नेमका कुठे आहे ते शांतपणे शोधेल.