नागपूरचा उन्हाळा आणि घरातील वीज

होळी आटोपली की नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागतात. पत्र्याच्या पेटीवर रंगाचा हात फिरतो, वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या नव्या ताट्या बसतात, आणि पुढील तीन महिने ते धूड खिडकीशी घरघरत राहते. ह्या शहरी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, पण हवा कोरडी असते. कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते व त्यायोगे गारवा येतो. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत निरुपयोगी ठरणारे हे यंत्र विदर्भात गरिबापासून श्रीमंतापर्यंत सर्वांच्या घरी आढळते. आणि दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून कोणी दगावल्याची बातमीही येथील वृत्तपत्रांत वाचावयास मिळते. कोणी पाणी भरताना, कोणी ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पंप हलविताना, तर कधी खेळता खेळता पत्र्यास हात लागलेले एखादे मूल.

अशी बातमी वाचली की सुशिक्षित माणसाच्या मनात एक प्रश्न येतो. आता बहुतेक घरी दारामागे ब्रेकरची पेटी असते, तारांत थोडी गडबड झाली की त्यातील एमसीबी पडतो, मग माणूस विजेला चिकटला असता तो का पडला नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर असे, की एमसीबी माणसाच्या रक्षणाकरिता बसविलेलाच नसतो. तो भिंतीतील तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करणारी योजना निराळी असते, व पुष्कळ घरी ती नसते.

प्रथम तारेकडे वळू. खांबावरून आलेली वीज मीटरमधून मुख्य स्विचात व तेथून ब्रेकरच्या पेटीत येते. पेटीतून तिच्या शाखा फुटतात: दिव्यापंख्यांची एक, स्वयंपाकघराची एक, गीझरची एक, ह्याप्रमाणे. प्रत्येक शाखेत फेजची तार वीज घेऊन जाते, न्यूट्रलची तार ती परत आणते, आणि तिसरी हिरवी तार, जिच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे, जमिनीशी जोडलेली असते. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोणत्याही उपकरणावर लिहिलेल्या वॅटांस २३० ने भागले की ते साधारण किती अँपिअर प्रवाह ओढते हे समजते. २००० वॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो, १००० वॅटची इस्त्री सव्वाचार, आणि नऊ वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ काहीच नाही.

प्रवाह तारेतून वाहताना तार तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा नियम जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारास प्रयोगाने दाखविला. त्याचा घरगुती अर्थ पाहा. पेटीपासून न्हाणीघरापर्यंत १५ मीटर अंतर आहे. म्हणजे जाऊन येऊन ३० मीटर तार झाली. ती तांब्याची, एक चौरस मिलिमीटर छेदाची असेल, तर तिचा रोध सुमारे अर्धा ओहम भरतो. गीझरचे नऊ अँपिअर तिच्यातून गेले की ४४ वॅट उष्णता भिंतीच्या आतच निर्माण होते. त्याच तारेवर आणखी एक गीझर चालविला, तर प्रवाह दुप्पट झाला पण उष्णता चौपट, म्हणजे पावणेदोनशे वॅट. उलट अडीच चौरस मिलिमीटरची तार असती, तर एका गीझरला ती केवळ १८ वॅटवर भागली असती. दिव्यांकरिता दीड, प्लगांकरिता अडीच व वातानुकूलनयंत्रासारख्या जड उपकरणांकरिता चार चौरस मिलिमीटर अशी जी वहिवाट आहे, तिच्यामागे हेच गणित आहे.

ह्या गणितात नागपूरच्या हवामानाने एक भर घातली आहे. तारेवरील पीव्हीसीचे वेष्टन ७० अंश तापमानापर्यंत टिकावे अशा हिशेबाने बनविलेले असते. भोवतालची हवा ४० अंश आहे असे धरले, तर तारेस तापावयास ३० अंशांची मोकळीक राहते. परंतु गच्चीच्या स्लॅबमधून गेलेल्या नळीत मेच्या दुपारी ५० अंश सहज असतात. मग मोकळीक २० अंशांवर येते. उष्णता दोन तृतीयांशच परवडणार, म्हणजे प्रवाह सुमारे ०.८२ पट. कागदोपत्री २० अँपिअर वाहणारी तार त्या दुपारी १६ चीच धनी होते. एवढ्याने ती लगेच पेटत नाही. पण वेष्टन वर्षानुवर्षे कडक होत जाते, तडकते, आणि एके दिवशी भिंतीत ठिणगी पडते.

ही वेळ येऊ नये म्हणून एमसीबी असतो. पूर्वी त्याचे काम चिनी मातीच्या किटकॅटमधील बारीक तार वितळून करीत असे. महाल, इतवारीकडील जुन्या वाड्यांत ती अजूनही दृष्टीस पडते. स्वतःहून उघडणारे व पुन्हा लावता येणारे यंत्र जर्मनीत ह्यूगो श्टोट्स ह्यांच्या कारखान्यात तयार झाले व १९२४ साली त्याचे पेटंट घेण्यात आले. त्यात दोन युक्त्या एकत्र आहेत. दोन धातूंची जोडपट्टी अतिरिक्त प्रवाहाने हळूहळू वाकते व कळ सोडते. आणि फेज व न्यूट्रल एकमेकांस भिडून प्रवाह एकाएकी उसळला, तर विद्युच्चुंबक तीच कळ क्षणार्धात ओढतो. पहिली युक्ती मुद्दाम संथ ठेवलेली आहे. नियमाप्रमाणे १६ अँपिअरचा एमसीबी सुमारे २३ अँपिअर प्रवाह तासभरदेखील चालू देऊ शकतो, कारण तेवढ्याने तारेचे बिघडत नाही. घरगुती वापरात जो ‘सी’ जातीचा ब्रेकर सर्रास मिळतो, त्यातील चुंबकास खात्रीने जागे व्हावयास १६ च्या दहापट, म्हणजे १६० अँपिअर लागतात.

यावरून एक क्रम ठरतो. उपकरणांच्या एकूण प्रवाहापेक्षा ब्रेकरचा आकडा मोठा असावा, आणि ब्रेकरच्या आकड्यापेक्षा तारेची शक्ती मोठी असावी. पहिली अट चुकली तर एमसीबी वारंवार पडतो, एवढेच. दुसरी चुकली तर घर जळते. आणि नेमकी दुसरीच अट उन्हाळ्यात मोडली जाते. एमसीबीची जोडपट्टी ३० अंश तापमान गृहीत धरून जुळविलेली असते. जिन्यातील तापलेल्या पेटीत ती लवकर वाकते. एमसीबी सारखा पडतो म्हणून कोणीतरी १६ च्या जागी ३२ अँपिअरचा लावून देतो, घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि भिंतीतील तार मात्र तीच जुनी दीड मिलिमीटरची. जुन्या लोकांनी किटकॅटमध्ये जाड तारेचे वेढे घातले, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती होय. सगळा दोष वायरमनच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. ब्रेकर का पडतो हे विचारण्याऐवजी तो पडणार नाही असे करून दे, अशी मागणी आपणच करतो.

आता कूलर. त्याचा पंखा व पंप मिळून सामान्यतः दोनअडीचशे वॅट घेतात, म्हणजे एक अँपिअर किंवा त्याहून किंचित अधिक. तारेच्या दृष्टीने हा अगदी सालस पाहुणा. पण त्याची घडण पाहा: पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, पाण्यात विजेचा पंप, वरून अखंड ठिबकणारे थेंब, आणि पाण्याच्या क्षारांनी व उन्हाने कुरतडलेली वायर. आत कोठेही वेष्टन फाटून फेजची तार पत्र्यास टेकली की सारी पेटी २३० व्होल्टची होते. पंखा मात्र पूर्ववत् फिरत राहतो, म्हणून बाहेरून संशय यावयास कारण नाही.

अशा पेटीस ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून कोणी शिवले, तर काय होईल? ओल्या देहाचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर देहातून ०.२३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा एक जास्तीचा दिवा लावल्यासारखाच आहे. तो हलणारसुद्धा नाही. माणसाचे माप मात्र फार लहान असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल ह्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या १३४ पुरुषांवर व २८ स्त्रियांवर प्रयोग करून, हातात धरलेली तार सोडता येईनाशी होण्यास किती प्रवाह लागतो हे मोजले. सरासरी पुरुषांत १६ व स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर निघाली. म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागापासूनच स्नायू आपल्या ताब्यात राहीनासे होतात. वीज माणसाला ‘ओढून धरते’ असे आपण म्हणतो, ते वस्तुतः त्याच्याच मुठीचे आखडणे होय. प्रवाह छातीतून वाहत राहिला की श्वास कोंडतो, आणि हृदयाची लय मोडण्यास मिलिअँपिअरांची पन्नाशी-शंभरीदेखील पुरते. २३० तर कितीतरी पुढे.

येथे ती तिसरी, हिरवी तार उपयोगी पडते. ती कूलरच्या पत्र्यास पक्की जोडलेली असेल, तर पत्र्यावर आलेली वीज माणसाची वाट न पाहता जमिनीकडे धावते. वाटेतील एकूण रोध चार ओहम असला, तर ५७ अँपिअर वाहतील व एमसीबी काही सेकंदांत पडेल. पण तोच रोध २५ ओहम असला, तर नऊ अँपिअरच वाहतात. एमसीबी स्वस्थ, आणि पत्रा जवळजवळ पूर्ण दाबाने जिवंत. जमिनीतील रोध ओलाव्यावर अवलंबून असतो. नागपूरच्या पुष्कळ भागांत काळी माती आहे. पावसाळ्यात ती उत्तम वाहक असते, परंतु एप्रिल-मेमध्ये ती वाळते, आकसते, भेगाळते, आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटून उभी राहते. ज्या महिन्यांत कूलर रात्रंदिवस चालतो, त्याच महिन्यांत त्याचा जमिनीतील आधार सर्वांत दुबळा असतो. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात पाणी ओतावे, हा जुन्या वायरमनांचा दंडक ह्याच अनुभवातून आलेला आहे. ज्यांच्या अंगणात तो खड्डा फरसबंदीखाली गडप झाला आहे, त्यांनी तो शोधून काढावा.

तथापि केवळ जमिनीवर विसंबून न राहता माणसाचे रक्षण करणारे यंत्र आज उपलब्ध आहे. त्याचे नाव आरसीसीबी. दिसण्यात ते एमसीबीसारखेच, पण मुख्यतः दुहेरी रुंदीचे. त्याची रीत हिशेबनिसाची आहे. फेजमधून जितका प्रवाह गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत यावयास हवा. दोहोंत फरक पडला, तर तेवढी वीज आडवाटेने, पत्र्यातून वा कोणाच्या देहातून, जमिनीत गेली असली पाहिजे. हा फरक ३० मिलिअँपिअरांपर्यंत पोहोचण्याच्या आतच ते वीज तोडते, व त्यास सेकंदाचा अल्प अंश लागतो. अर्थिंग तुटलेले असले, तरी ते माणसाच्या स्पर्शाबरोबर काम करते. अर्थिंग शाबूत असले, तर स्पर्शाच्या आधीच. दोन मर्यादा मात्र सांगितल्या पाहिजेत. एक हात फेजवर व दुसरा न्यूट्रलवर पडला, तर हिशेबात फरक येत नाही व यंत्र गप्प राहते. तसेच फाजील भारापासून ते तारेचे रक्षण करीत नाही. त्याकरिता एमसीबी हवाच, किंवा दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ.

जुन्या घरी आरसीसीबी बसविला की पहिल्याच दिवशी तो पडतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुधा कोणत्यातरी शाखेत न्यूट्रल व अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात, किंवा ओल आलेल्या भिंतीत वीज झिरपत असते. अशा वेळी दोष शोधावयाचा सोडून यंत्रास वळसा घालून तार जोडून देणारे कारागीर आहेत. तसे करू देऊ नये. दिवाणखान्यातील छताच्या रोषणाईवर सढळ हाताने खर्च करणारी माणसे एका साध्या कूलरहूनही कमी किमतीच्या ह्या यंत्रापाशी घासाघीस करतात, ह्याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

कूलरच्या प्लगविषयी थोडे. दोन पायांचा प्लग खोबणीत कसाही उलटसुलट बसतो. मग कूलरवरचे बटन फेजऐवजी न्यूट्रल तोडत असण्याचा संभव असतो, आणि बटन बंद असूनही आतील तारा जिवंत राहतात. म्हणून पाणी भरण्यापूर्वी बटन बंद करणे पुरे नाही, प्लग उपसून काढावा लागतो. महावितरणही दर उन्हाळ्यात हेच आवाहन करीत असते. तीन पायांच्या प्लगातील जाड व लांब पाय अर्थिंगचा. तो लांब ठेवण्याचे कारण असे, की वीज येण्यापूर्वी जमिनीचा सांधा जुळावा व जाताना तो सर्वांत शेवटी सुटावा. पण भिंतीतील त्या छिद्रामागे हिरवी तार जोडलेलीच नसेल, तर हा पाय शोभेचा. वायरमनकडून हे एकदा तपासून घ्यावे, आणि कूलरमध्ये पत्र्यास ती स्क्रूने आवळली आहे की नाही हेही.

एवढे करूनही कोणी चिकटलेले दिसले, तर त्यास हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच पाडावा. तो हाताशी नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर किंवा हात दूर सारावा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहावे, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराची एक लहान कळ असते. वीज चालू असता ती दाबली की यंत्र ताबडतोब पडले पाहिजे. बसविल्यापासून ती कधीच न दाबलेली घरे अनेक आहेत, आणि न हलविलेले यंत्र आतून अडकून बसू शकते. महिन्यातून एकदा ती दाबावी. आणि यंत्र पडले नाही, तर ते बदलून होईपर्यंत कूलर माळ्यावरच राहू द्यावा.