पुड्यावरील बालिकेचा शोध

मोठ्या व्यवहारात पेढीचे नाव चालते हे खरे. परंतु किरकोळ दुकानाच्या फळीवरील माल बहुधा छापावर चालतो. गिऱ्हाईक कारखानदाराचे नाव घेत नाही, ते चित्राचे नाव घेते. आमच्या सीमाभागात तर हा अनुभव विशेषच येतो. हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडीसारख्या गावाचा विचार करावा. 1956 साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुढे तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. या मुलखात घरी मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या सरकारी कागदांत उर्दू, असा तीन लिप्यांचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. मुंबईहून आलेल्या पुड्यावर अक्षरे कोणत्याही लिपीत असोत, ती वाचू न शकणारे गिऱ्हाईक नेहमीच असे. चित्र मात्र सर्वांनाच वाचता येई. व्यापारी छापाचे चित्र ही आमच्या बाजारपेठेची चौथी लिपीच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अशा चित्रांपैकी एक आमच्या प्रत्येक व्यापारी बंधूच्या नित्य परिचयाचे आहे. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पुड्यावर गोबऱ्या गालांची, कुरळ्या केसांची एक बालिका हात पुढे करून बसलेली दिसते. पार्लेच्या ग्लुकोज बिस्किटांची ती खूण. ज्यांनी लहानपणी ती बिस्किटे खाल्ली त्यांची नातवंडे आज तीच खातात; ती बालिका मात्र तेवढीच राहिली आहे. ही मुलगी कोण, हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो; आणि जेथे प्रश्न असतो तेथे उत्तरे निर्माण होण्यास विलंब लागत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या उत्तरांची छाननी करण्याचे योजिले आहे.

प्रचलित कथा

या बालिकेविषयी निदान तीन कथा लोकांच्या तोंडी आहेत. पहिलीप्रमाणे ती नागपूरची एक मुलगी होय. ती चार-साडेचार वर्षांची असताना तिच्या वडिलांनी हौसेने तिचे छायाचित्र घेतले, ते कंपनीच्या लोकांच्या दृष्टीस पडले आणि पुड्यावर गेले, असे सांगतात. दुसऱ्या कथेत वेगळ्याच एका मुलीचे नाव येते. तिसरी कथा सुप्रसिद्ध लेखिका सुधा मूर्ती यांना ती बालिका ठरविते. नवलाची गोष्ट अशी की, पहिल्या कथेतील नागपूरच्या वृद्धेचे म्हणून जे छायाचित्र हातोहाती फिरले, तेही सुधा मूर्ती यांचेच होते. ज्या खात्यात एकाच पावतीवर दोन नावे निघतात, त्या खात्याकडे कोणताही मुनीम संशयानेच पाहील.

तीनही कथा एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे उघड आहे. परंतु एक खरी आणि दोन खोट्या असेही नाही. पार्ले प्रॉडक्ट्स या कंपनीच्या वतीने मयंक शहा यांनी जाहीरपणे स्पष्ट केले आहे की, ही कोणाही मुलीची प्रतिमा नसून केवळ कल्पनेने काढलेले चित्र आहे. ते 1960 नंतरच्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतील मगनलाल दैया या चित्रकाराने रेखाटले. म्हणजे ज्या मुलीचा शोध नागपूरपासून बंगळूरपर्यंत चालला, ती जन्मालाच आलेली नव्हती. जन्मास आले ते तिचे चित्र, आणि ते एका माणसाच्या हातून.

चित्र का लागले

हे चित्र कोणत्या गरजेतून निघाले, हे व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मोहनलाल दयाळ चौहान हे मूळचे रेशमाच्या व्यापारातील गृहस्थ. स्वदेशीच्या विचाराने ते मिठाई बनविण्याच्या व्यवसायाकडे वळले, ती विद्या शिकण्यास जर्मनीस गेले आणि तेथून यंत्रसामग्री आणून 1929 साली त्यांनी मुंबईच्या विलेपार्ले भागात गोळ्या-मिठाईचा कारखाना सुरू केला. गावाचे नाव तेच मालाचे नाव झाले. सुमारे दहा वर्षांनी तेथे बिस्किटे तयार होऊ लागली. बिस्किट ही त्या काळी बहुतांशी परदेशी आणि महाग वस्तू होती. ती स्वदेशी आणि सामान्य माणसाच्या खिशास परवडेल अशी करणे, हा या उद्योगाचा खरा पराक्रम होय.

परंतु यशस्वी मालाच्या मागोमाग त्याच्यासारखा दिसणारा माल येतो, हा बाजाराचा नियमच आहे. 'ग्लुकोज' हे तर एका पदार्थाचे सर्वसामान्य नाव. ते वापरण्यास इतरांना कोण अडविणार? गिऱ्हाईक दुकानात येऊन नुसती 'ग्लुकोज बिस्किटे' मागे आणि दुकानदार हाताशी असेल तो पुडा देई. नाव राखता येईना, तेव्हा कंपनीने चेहरा राखण्याचे ठरविले. पिवळसर मेणकागदाचे वेष्टन आणि त्यावर ही बालिका, अशी योजना झाली. पुढे 1982 साली मालाचे नावही बदलून 'पार्ले-जी' करण्यात आले. काही वर्षांनी मेणकागद जाऊन प्लास्टिक आले आणि 2016 साली विलेपार्ल्याचा तो मूळ कारखानाही बंद झाला. बालिका मात्र पुड्यावर कायम आहे. कारखान्याच्या भिंतींपेक्षा कागदावरील रेषा अधिक टिकाऊ ठरल्या, याचा विचार ज्याने त्याने करावा.

खरी बालके आणि कल्पनेची माणसे

जाहिरातीतील प्रत्येक चेहरा असा कल्पनेतलाच असतो असे मात्र नाही, आणि लोकांच्या कुतूहलाला आधार मिळतो तो येथेच. अमूलच्या दुग्धचूर्णाच्या जाहिरातीसाठी 1961 च्या सुमारास एका खऱ्या बालिकेचे छायाचित्र घेण्यात आले होते. सातशेहून अधिक बालकांची छायाचित्रे पाहून झाल्यावर जिची निवड झाली ती शोभा थरूर, म्हणजे लेखक व संसदसदस्य शशी थरूर यांची भगिनी. आणि छायाचित्र घेणारे होते श्याम बेनेगल, जे पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून देशभर गाजले. येथे नाव आहे, वर्ष आहे आणि छायाचित्रकारही ज्ञात आहे. शोध पुरा झाला तो या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे.

ओठांवर बोट ठेवलेले मर्फी रेडिओचे बालकही असेच घरोघरी पोहोचले होते. हिमाचल प्रदेशातील डॉ. काग्यूर रिन्पोचे ठाकूर, ज्यांचा विवाह पुढे अभिनेत्री मंदाकिनी यांच्याशी झाला, ते लहानपणी मर्फीचे बालक होते, असे वृत्तपत्रांतून वारंवार छापून आले आहे. त्या बालकासारखे आपले मूल व्हावे, अशी इच्छा धरणाऱ्या आईची कल्पना 2012 च्या 'बर्फी' या चित्रपटातही आली. जाहिरातीतील एक चेहरा लोकांच्या मनात किती खोल जातो, याचे हे उदाहरण होय.

याउलट कित्येक प्रसिद्ध माणसे केवळ लेखणी-कुंचल्यातून उतरली. एअर इंडियाचा मुंडासेधारी महाराजा 1946 साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून अवतरला. ठिपक्यांच्या झग्यातील अमूलची खट्याळ मुलगी 1966 ची. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांची कल्पना आणि युस्टेस फर्नांडिस यांची रेषा. पूर्वी सांगितलेली छायाचित्रातील बालिका आणि ही चित्रातील मुलगी या दोघींची लोक नेहमी गल्लत करतात. एशियन पेंट्सचा हातात कुंचला घेतलेला खोडकर मुलगा 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला. त्याचे नाव ठेवण्यासाठी 500 रुपयांच्या बक्षिसाची स्पर्धा लावली, तेव्हा 47,000 हून अधिक उत्तरे आली म्हणतात. 'गट्टू' हे नाव मुंबईच्या दोघांनी सुचविले होते आणि बक्षीस त्या दोघांत वाटले गेले. महाराजा कोण, गट्टू कोण, असे कोणी विचारीत नाही. कारण त्यांचे जनक सर्वांस ठाऊक आहेत. पार्लेच्या बालिकेच्या जनकाचे नाव मात्र दीर्घकाळ लोकांपर्यंत पोहोचलेच नाही, आणि रिकाम्या राहिलेल्या त्या जागी दंतकथांनी दुकान थाटले.

नावाचे देणे

आमच्या मते या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. जी कधी नव्हती तिला आपण शोधीत बसलो, आणि जो खरोखर होता त्याची कोणी चौकशी केली नाही. मगनलाल दैया यांची ती रेषा जितक्या हातांत गेली, तितक्या हातांत फार थोड्या चित्रकारांची कलाकृती गेली असेल. प्रदर्शनाच्या दालनात चार चित्रे टांगणाऱ्याचे नाव कलेच्या इतिहासात येते. ज्याचे चित्र खेड्यापाड्यांतल्या फळीवर रोज मांडले जाते, त्याचे नाव त्या फळीच्या मालकालाही माहीत नसते.

यात कोणी कोणाचे बुडविले असे आम्ही सुचवीत नाही. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा वा छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो. व्यापारचिन्हांच्या नोंदवहीतही मालकाचे नाव असते, चित्रकाराचे नसते. व्यवहार चोख आहे. परंतु तोच 1957 चा कायदा आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती आमच्या वर्गाने विसरू नये: हक्क दुसऱ्यास दिल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. आमच्या भाषेत बोलावयाचे तर मोबदला चुकता झाला, तरी नावाचे देणे खात्यावर शिल्लक राहते.

कलबुर्गीसारख्या आपल्या शेजारच्या नगराने हे देणे एका बाबतीत तरी फेडले आहे. एस. एम. पंडित यांचा जन्म 1916 साली तेथेच, तेव्हाच्या गुलबर्ग्यात झाला. मुंबईस जाऊन त्यांनी चित्रपटांची भित्तिपत्रके आणि पौराणिक विषयांवरील दिनदर्शिकांची चित्रे काढली. ती घराघरांत व दुकानादुकानांत लागली. बाजारी चित्रे काढणारा म्हणून त्यांना कमी लेखणारेही होते. तथापि आज कलबुर्गीत त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे आहे. आपल्या मुलखातील एका मुलाने बाजारासाठी चित्रे काढली, याची लाज नव्हे तर अभिमान वाटावा, हे त्या नगराने दाखवून दिले.

आपल्या माळ्यावर काय आहे?

आता व्यापारी बंधूंस एक विनंती. असे शोध यशस्वी होतात ते तर्काने नव्हे, कागदाने. जुन्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. खालच्या कडेस छापखान्याचे नाव बारीक अक्षरांत असते. जुन्या पुड्यावरील किंमत, वजन आणि पत्ता यांवरून त्याचा काळ ठरविता येतो. आणि तोच माल दुकानी केव्हा आला, हे रोजमेळ व खरेदीचे बिल सांगते. हे सर्व एकत्र ज्याच्याजवळ मिळण्याचा संभव आहे, असा समाजात एकच वर्ग आहे, आणि तो म्हणजे आपला. ग्रंथालये पुस्तके जपतात, पण वेष्टने जपीत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे पत्र्याचे डबे, लेबले, जाहिरातीच्या पाट्या आणि जुन्या चोपड्या रद्दीत निघतात, त्यांत कोणा अज्ञात चित्रकाराची एकमेव सही असू शकेल. ती एकदा कुंभारकाम्याच्या भट्टीत वा रद्दीच्या गठ्ठ्यात गेली की पुन्हा हाती लागणार नाही.

यास्तव प्रत्येक जुन्या पेढीने आपल्याकडील असे कागद एका पेटीत वेगळे ठेवावेत. वस्तू कोणती, कोणत्या सुमारास दुकानी होती, कोणत्या गावच्या व्यापाऱ्याकडून आली, एवढे तीन शब्द चिठ्ठीवर लिहून सोबत जोडावेत. वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. आणि पुड्यावरची मुलगी अमुक गावची बरे का, अशी गोष्ट कोणी गल्ल्यावर येऊन सांगू लागल्यास, तिला पुढे पाठविण्यापूर्वी मालाला लावतो तेच माप लावावे: पावती कोठे आहे? वजनात खोट नको म्हणणाऱ्याने सांगण्यातही खोट ठेवू नये.

दुबलगुंडीच्या फळीवरून उद्या एखादे मूल तो पिवळा पुडा मागेल आणि चित्राकडे बोट दाखवून, ही कोण, असे विचारील. त्याला सांगण्याजोगे खरे उत्तर आता आपल्याजवळ आहे: ही कोणाचीच मुलगी नाही, ही मगनलाल दैया नावाच्या एका चित्रकाराच्या हाताची करणी आहे.