सर्व्होची थरथर

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी फडक्यांत गुंडाळलेली खेळण्यांतील मोटारगाडी घेऊन मजकडे आला. बिनतारी लहरींनीं दुरून चालविण्याची ही गाडी त्यास मामाकडून मिळाली होती. जुनी, २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारी. वेग दिला कीं तिचीं पुढलीं चाकें हींव भरल्यासारखीं डावीउजवीकडे थरथरत आणि गाडी भलतीकडेच जाई. "सर, सर्व्हो गेला. नव्यासाठीं बाबांजवळ पैसे मागणार आहें," असें तो म्हणाला. मीं त्यास एक दुपारभर थांबावयास सांगितलें. कारण सर्व्होवरील हा आळ पुष्कळदां खोटा असतो.

सर्व्हो हा शब्द 'दास' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. त्या लहानशा डबींत एक मोटर, कांहीं दंतचक्रें, पोटेन्शिओमीटर नांवाचा फिरता रोधक आणि एक विद्युन्मंडल असतें. गाडींतील रिसीव्हर सर्व्होस सेकंदास सुमारें ५० वेळां विजेचा एक ठोका पाठवितो. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर चाकें सरळ. एक मिलिसेकंद टिकला तर एका टोकास, दोन टिकला तर दुसऱ्या. आपण या घटकेस कोठें आहों, हें पोटेन्शिओमीटर सांगतो. आज्ञा आणि स्थिति यांत अंतर दिसलें कीं मोटर तें भरून काढण्यास धांवते. म्हणून आज्ञाच कांपरी असेल, तर निर्दोष सर्व्होहि कांपणार. किंबहुना तो जितका चपळ, तितका अधिक कांपणार!

आम्हीं गाडी लांकडी ठोकळ्यावर ठेवून चाकें अधांतरीं केलीं. आधीं हातांतील प्रेषकयंत्र व मग गाडी, या क्रमानें वीज सुरू केली. गाडी उभी असतां चाकें शांत; वेगाची कळ दाबतांच थरथर. एवढ्यानेंच अर्धें कोडें सुटलें. दोष सर्व्होच्या पोटांत असता, तर गाडीची मोटर बंद असतांनाहि तो बहुधा दिसला असता.

आतां संशयित दोन उरले. मोठी मोटर एकदम वीज ओढते, तेव्हां बॅटरीचा दाब क्षणभर खालावतो. रिसीव्हर व सर्व्हो तिच्यावरच जगत असल्यामुळें तेहि गोंधळतात. हें पडताळण्यास गतिनियंत्रकाकडून रिसीव्हरकडे जाणाऱ्या तीन तारांपैकीं तांबडी तेवढी सोडवून तिला चिकटपट्टी गुंडाळावी, नाहींतर दोन वीजपुरवठे एकमेकांशीं झुंजतील. आणि रिसीव्हरास चार नव्या सेलांची, म्हणजे ६ व्होल्टची, वीज द्यावी. थरथर थांबली, तर बॅटरी अशक्त आहे किंवा जोड सैल वा गंजलेले आहेत असें समजावें. आमची थांबली नाहीं.

तेव्हां दुसरा संशयित. अशा मोटरींत ब्रशांपाशीं ठिणग्या उडतात, आणि ठिणगी स्वतःच बिनतारी लहरी फेंकते. जुना रिसीव्हर त्यांनाच आज्ञा समजतो. यासाठीं मोटरीवर ०.१ मायक्रोफॅरडचीं तीन लहान कपॅसिटरें डाखलेलीं असतात. त्यांवर बहुधा १०४ हा आंकडा असतो. एक दोन टोकांच्या मध्यें, व उरलेलीं दोन प्रत्येक टोकापासून मोटरीच्या धातूच्या कवचापर्यंत. आमच्या मोटरीवरील एकाचा पाय तुटला होता. शिवाय रिसीव्हरची एरियलची तार मोटरीच्या तारांबरोबर नीटनेटकी बांधून ठेवलेली! टापटीप चांगलीच, पण येथें ती नडली. पाय डाखून दिला; तार न कापतां निराळ्या नळींतून वर नेली. थरथर थांबली.

हल्लींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना ठिणग्यांचा उपद्रव फारच कमी होतो. त्यांत बहुतेक वेळां वीज नाहींतर सांधे तपासावे. सर्व्होचा दांडा काढून पाहावा. दांडा काढतांच तो शांत झाला, तर चाकांकडे जाणाऱ्या काड्या कोठेंतरी अडत आहेत.

सर्व्होला म्हातारपण येतच नाहीं असें मात्र नव्हे. गाडी बहुधा सरळच धांवते; म्हणून पोटेन्शिओमीटर मध्यभागीं अधिक झिजतो. प्रेषकयंत्राचें चक्र अगदीं सावकाश फिरवावें. प्रत्येक वेळीं त्याच ठिकाणीं चाकें उडी मारूं लागलीं, आणि वीज, तारा व सांधे निर्दोष ठरले असतील, तर बाबांजवळ पैसे मागण्यास हरकत नाहीं.