मिसळणाच्या डब्यातून उगवणारी भाजी

अमेरिकेतील भारतीय किराणा दुकानांत मेथीची जुडी मिळते, पण बहुधा प्रवासाने शिणलेली. मेथीदाणे मात्र बारमाही असतात, आणि ते मुळात बियाणेच आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत पेरलेली समुद्रमेथी सुमारे दोन आठवड्यांत बोटभर वाढते आणि मुळांसकट जुडी बांधून विकली जाते. न्यू जर्सीतील उन्हाच्या खिडकीतही हे साधते. दाणे रात्रभर भिजवावेत, तळाला भोके असलेल्या पसरट कुंडीत दाट पेरावेत आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. तीन-चार दिवसांत अंकुर दिसू लागतात.

धणे अधिक हट्टी. धणा हे वस्तुतः बी नसून फळ आहे. त्यात दोन बिया असतात. म्हणूनच ते हलकेच रगडून दुभंगण्याची गावाकडची रीत शास्त्राला धरून आहे. उगवणीस दोन आठवडेही लागतात. ऊन तापले की कोथिंबीर फुलावर येते, तेव्हा पेरणी एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबरच्या आरंभी करावी. निर्जंतुकीकरणासाठी वाफ वा किरणोत्सार दिलेले धणे उगवत नाहीत. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, की पाकिटाची परीक्षा होते.

अळूसाठी कोंब फुटलेला, टणक अरवीचा कंद निवडावा आणि थंडीचे दहिवर संपल्यावर, म्हणजे मेच्या उत्तरार्धात, लावावा. सर्वच वाणांची पाने वडीला सारखी नसतात. काही फार खाजरी निघतात. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे घसा खवखवतो, म्हणून चिंच आणि भरपूर शिजवणे अटळ. रोपवाटिकेत शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या ‘एलिफंट इअर’ची पाने मात्र अळू समजून खाऊ नयेत.

खरा पेच कढीपत्त्याचा आहे. त्याची डहाळी भारतातून सामानात आणण्याचा मोह अनेकांना होतो. विमानतळावर ती जप्त होते, आणि ते योग्यच आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावरही जगते आणि सिट्रस ग्रीनिंग हा रोग पसरवते. हा रोग 2005 मध्ये फ्लोरिडात आढळला आणि त्याने तेथील संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त केल्या. रोगट झाडाला बरे करणारा उपाय अद्याप नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेतही कीडग्रस्त भागांतून कढीपत्त्याची रोपे बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. मित्राच्या फ्लोरिडातील अंगणातून आणलेले रोप त्यामुळे निरुपद्रवी ठरत नाही.

बियांचाही मार्ग सोपा नाही, कारण वाळल्यावर त्यांची उगवणशक्ती झपाट्याने जाते. प्रमाणित रोपवाटिकेतले रोप घेणेच उत्तम. ते ऑक्टोबरपूर्वी घरात घ्यावे. हिवाळ्यात पाने गळाली तरी झाड मेले असे समजू नये. पाणी कमी करावे आणि वसंतातील पालवीची वाट पाहावी.