पाल म्हणजे दूध, बरं का!

मैत्रिणींनो, माण-खटाव नि खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे जुने दागिने गाळून सोनं शुद्ध करण्याच्या धंद्यापायी पार तमिळनाडूत गेली. साताऱ्या-सांगलीच्या नव्या सुनेला तो परमुलूखच! दारावर कुणी ‘पाल’ म्हटलं की ती दचकणारच. पण तिकडे पाल म्हणजे दूध. तण्णी पाणी, उप्पु मीठ, अरिसि तांदूळ, आणि नको असेल तर ‘वेण्डाम’. पहिला आठवडा एवढ्यावर निभतो. ज्वारीचं पीठ मात्र सोबत न्याच.

घर नि भट्टी एकत्र असेल, तर आधी भट्टीची खोली वेगळी करून घ्या. ॲसिडची वाफ छातीला वाईट. पाण्याच्या बाटलीत ॲसिड कधीही भरू देऊ नका. यजमान ‘काही होत नाही’ म्हणाले, तरी मुलांची अंथरुणं तिथं घालू नका.